काजवाल्या बाईंचा उजवा हात

मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी शिवलेलं सपाट करत आलो, त्यामुळे कागदावर काही उभं करायचं म्हटलं की अवसान गळतं. तरी बाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं वाटत राहिलं, आणि त्यांना माझ्याइतकं रोज पाहिलेलं दुसरं कोणी मला सापडलं नाही.

बाई कोटांची काजं करायच्या. बटण जिच्यातून जातं ती चीर म्हणजे काज. लोक कोट घेताना कापड बघतात, कॉलर बघतात, खांद्यावर बसतो का बघतात. काज कोणी बघत नाही. पण हाताने केलेलं काज म्हणजे चिरेच्या कडेने एकाला एक खेटून घातलेल्या रेशमी गाठींची रांग असते, आणि त्यातली एक गाठ जरी वर आली तरी बटण तिथे रोज अडतं. अशी काजं करणारी आमच्या भागात एकच बाई उरली होती. आम्ही सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचो.

तळमजल्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान. मागच्या खोलीत मी आणि माझी इस्त्री. बाई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडायची, आणि ती भिंत इतकी जवळ होती की हात लांब केला तर तिच्यावर सुई घासता आली असती. खिडकीपाशी खुर्ची, गुडघ्यांवर उशी, उशीवर कोट, शेजारी मेणाचा गोळा. दोऱ्याला मेण लावायचं, ओढायचा, आणि मान खाली. बहीण लवकर गेली तेव्हा तिची मुलगी बाईंनी याच खोलीत वाढवली. ती भाची आता दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि रविवारी फोन करायची. बाकी कोणी येणारंजाणारं नव्हतं. कोट वर पोचवणं आणि तयार झाले की खाली आणणं हे काम माझं होतं, म्हणजे येणारा म्हणायचा तर मीच.

पण बाई स्वतःला एकट्या म्हणायच्या नाहीत. कोट त्यांचे पाहुणे होते.

“आज कोण आलंय?” मी विचारायचो.

“एक लठ्ठ वकील, एक नवरदेव, आणि तो उंच माणूस परत आलाय. बारीक झालाय हो. दोन बोटं आत घेतलाय त्याला मास्तरांनी. आजारी होता की काय कोण जाणे.”

त्यांनी त्या माणसांना कधी पाहिलेलं नसायचं. कोटावरून ओळखायच्या. कोणाच्या खिशात हात घालायची सवय, कोण एका खांद्याने झुकतो. काम नसलं की म्हणायच्या, “आज घर कसं खायला उठलंय.” त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांना भीती कशाची होती ते मला कळत होतं. पोटापुरतं त्यांचं भागलं असतं. पण हात गेला असता तर पाहुणे बंद झाले असते.

पहिली खूण त्यांनी मला हसत हसत दाखवली.

“भाऊ, इकडे बघा.” त्यांनी सुईचं टोक तर्जनीच्या पेरात दाबलं. “काही नाही! शेवटी पिकलं एकदाचं.”

आमच्या धंद्यात बोट पिकणं ही मोठी गोष्ट. काजं करणारीच्या बोटाची पहिली काही वर्षं सुईने चाळण होते. मग कातडी जाड होत जाते, सुई लागलेली कळेनाशी होते, आणि मग म्हणतात की हिचं बोट पिकलं, आता ही खरी कारागीर. बाईंना ज्या म्हातारीने शिकवलं तिची बोटं म्हणे चामड्यासारखी होती. बाईंची मात्र इतकी वर्षं मऊच राहिली. त्याची त्यांना मनातून लाज वाटायची. म्हणून सुई टोचेनाशी झाली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. मीही म्हणालो, “वा, पेढे हवेत.”

“अंगठाही पिकलाय. मधलं बोटही. करंगळी तेवढी कच्ची राहिली,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही करंगळीला हसलो.

आता विचार करतो तर सगळं त्या हसण्यातच होतं. पिकलेल्या बोटाची कातडी जाड होते, आणि बाईंच्या बोटांची कातडी होती तशीच पातळ होती. पण तसं बघायचं कोणाला सुचतं?

मग मुंग्या सुरू झाल्या. रात्री झोपेत हात बधिर व्हायचा, आतून जळजळायचा, आणि जाग आली की त्या थर्मामीटर झटकावा तसा हात झटकत बसायच्या. झटकला की बरं वाटायचं. “हातावर झोपत असेन,” त्या म्हणायच्या. गरम पाणी झालं, तेल झालं. मग हातातून वस्तू सुटायला लागल्या. आधी कप, मग कात्री. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, आणि ही बाई दिवसभर बटणांच्याच कामात.

मास्तरांची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच धारदार. एकदा मी खाली आणलेला कोट त्यांनी उजेडात धरला आणि माझ्यादेखत जिन्याकडे तोंड करून ओरडले, “बाई, ही काजं आहेत की दाढी करताना झालेल्या जखमा?”

एरवी बाई कधी ऐकून घ्यायच्या नाहीत. म्हणाल्या असत्या, तुमच्या शिलाईला शोभतात म्हणून तशी केली. त्या दिवशी दार लावल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर एक मोतिया रंगाचा कोट आला. काजं होऊन माझ्याकडे इस्त्रीला आला तेव्हा अस्तरावर तीन तांबूस ठिपके दिसले. रक्ताच्या डागावर इस्त्री फिरली की डाग जन्माचा बसतो, म्हणून मी इस्त्री बाजूला ठेवली आणि कोट घेऊन वर गेलो.

“बाई, कुठे लागलं का तुम्हाला?”

“नाही हो. का?”

मी डाग दाखवला. त्यांनी हात खिडकीच्या उजेडात धरून बोटं उलटसुलट केली. मधल्या बोटाला सुईने तीन ठिकाणी भोसकलं होतं आणि रक्त वाळलंसुद्धा होतं. त्या बोटाकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

“मला कळलंच नाही हो,” त्या म्हणाल्या. पिकलेल्या बोटाचं कौतुक त्या क्षणी संपलं. डाग त्यांनी स्वतः थंड पाण्याने काढला, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसल्या.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. बाईंनी मला परत आल्यावर सगळं सांगितलं, तिची नक्कल करून. डॉक्टरणीने दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून मनगटं खाली वाकवून धरायला सांगितली. मिनिटभरात उजव्या हाताला मुंग्या आल्या. मग मनगटावर मधोमध टकटक केलं तर बोटांच्या टोकांपर्यंत झिणझिणलं.

“करंगळीला काही होतं का काकू?”

“ती कच्ची आहे.”

“म्हणजे?”

मग बाईंनी तिला बोट पिकण्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, काकू, कातडी जाड नाही झाली, आत नस दबली आहे. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर एक जाड पट्टी. बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस, सगळं त्यातून जातं. वर्षानुवर्षं मनगट वाकवून चिमटीत जोर लावला की दोऱ्यांची आवरणं सुजतात, जागा कमी पडते, आणि सगळ्यांत मऊ ती नस, तीच आधी चेंगरते. ती नस अंगठा, त्याच्या पुढची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यांची. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती शाबूत. रात्री जास्त होतं कारण झोपेत आपण मनगट दुमडून घेतो.

“म्हणजे बाही शिवताना अस्तर जाड घेतलं आणि बाही घट्ट झाली,” बाईंनी मला समजावलं. आमच्या लोकांना यापेक्षा सोपं करून कोणी सांगू शकणार नाही.

डॉक्टरणीने रक्त तपासलं. साखर ठीक निघाली, पण गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद चालत होती, त्यानेही असं होतं म्हणे. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. काम कमी करा, मध्ये मध्ये थांबा, मनगट सरळ राहील इतकी उशी उंच घ्या, सुई चिमटीत आवळू नका. आणि मुख्य औषध म्हणजे एक पट्टा. आत धातूची पट्टी असलेला, रात्री झोपताना मनगटाला बांधायचा. दीड-दोन महिने नेमाने बांधला तर पुष्कळांचं यावरच भागतं.

इथे आमच्या दुकानाने घोळ घातला.

पट्टा बांधून बाई खाली दाखवायला आल्या. जाड, राखाडी, बेंगरूळ प्रकार होता. मास्तरांनी तो काढून हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की जणू कोणीतरी त्यांच्या दुकानात उसवलेला कोट टाकलाय.

“हे शिवलंय? हे? कुठे बसतोय हा तुमच्या हाताला? इथे चुणी, तिथे पोकळी. गाढवाला खोगीरसुद्धा यापेक्षा मापाने करतात.”

“राहू द्या हो मास्तर. रात्री कोण बघायला येतंय?”

मास्तरांनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं. मग मास्तर म्हणाले, “द्या इकडे. हात ठेवा टेबलावर. नेहमी ठेवता तसा.”

त्या जखमांच्या शेऱ्याची भरपाई ते करत होते, हे मला दिसत होतं. बाईंनाही दिसलं असावं. त्यांनी नेहमीसारखा हात ठेवला, म्हणजे काज करताना असतो तसा, मनगट आत वळलेलं. मास्तरांनी टेप लावला. पट्टा पूर्ण उसवला. धातूची पट्टी काढून पक्कडीने हळूहळू वाकवली, बाईंच्या मनगटाच्या वळणावर अगदी बेतशीर. आतून फलाटीनचं मऊ कापड, वरून कोटाचंच उरलेलं लोकरीचं कापड, कडेला बारीक टीप. त्यांनी आयुष्यात एवढ्या मनाने एखादा कोट शिवला असेल की नाही मला शंका आहे.

“आता बघा.”

“अगं बाई! अंगचाच वाटतो.”

“मग! मापात असलं की असंच वाटतं.”

बाईंनी तो नेमाने बांधला. मनगट दुमडू नये म्हणून दिलेली वस्तू मनगट दुमडून धरत होती, आणि आम्ही तिघंही जन्मभर मापं घेणारे लोक तिच्याकडे कौतुकाने बघत होतो. मुंग्या वाढल्या. बाईंना वाटलं, आजार बाहेर पडतोय.

पुढच्या तपासणीला डॉक्टरणीने पट्टा बघितला आणि विचारलं, “हा कोणी केला?”

“आमच्या मास्तरांनी. मापात बसवून दिला.”

ती म्हणाली, “काकू, कपडा माणसाच्या मापाने करतात. या पट्ट्याचं उलटं आहे. इथे हातानेच पट्ट्याच्या मापाने बसायचं.”

मग तिने बाईंचा तळहात दाबून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो उजव्या हाताला सपाट झाला होता. हातातून बारीक विजेचे झटके देऊन नस किती मंद झाली ते मोजलं. आता पट्टा किंवा इंजेक्शन असल्या उपायांवर वेळ घालवायचा नाही, असं ती म्हणाली. मनगटातल्या बोगद्यावरची पट्टी कापून जागा मोकळी करायची. छोटी शस्त्रक्रिया, तेवढाच भाग बधिर करून, त्याच दिवशी घरी. उशीर केला तर स्नायू परत भरायचा नाही आणि बोटंही कायमची मुकी राहतील.

मास्तरांना हे कळल्यावर ते मशीनवर बसून राहिले आणि पाय हलवेनात. मग त्यांनी धातूची पट्टी काढून उंबऱ्यावर ठोकून सरळ केली आणि पट्टा पुन्हा शिवला. या वेळी टीप वाकडी आली.

बाईंना तारीख मिळाली. त्या गेल्या आणि तासाभरात परत आल्या.

“काय झालं?”

“डॉक्टर रजेवर आहेत म्हणे.”

दुसरी तारीख मिळाली. पुन्हा गेल्या, पुन्हा परत. या वेळी म्हणाल्या, वीज नव्हती. मी मान डोलावली. पण कोट नेताना टेबलावर दवाखान्याची चिठ्ठी उघडीच पडली होती आणि तिच्यावर छापलेलं होतं की सोबत घरचं एक माणूस असल्याशिवाय शस्त्रक्रियेला घेता येणार नाही. त्याखाली बाईंनी डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात भाचीचं नाव घालून ते परत खोडलेलं.

“भाचीला कळवलं का?” मी विचारलं.

“कशाला? नवीन नोकरी आहे तिची. तिला सुट्टी मागायला लावायची, आणि ती इथे येऊन दोन दिवस माझ्याकडे बघत बसणार. रविवारी बोलतो तेव्हा सगळं कसं छान असतं. ते का बिघडवू?”

“मग?”

“मग काय. वीज येईल तेव्हा येईल.”

मी खाली आलो. मला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. येतो म्हणावं तर वाटतं, आपण कोण? बायामाणसांच्या दवाखान्याच्या गोष्टी, लोक काय म्हणतील, त्या नको म्हणाल्या तर तोंड कुठे लपवायचं. वाफेत उभं राहून मी दिवसभर वाक्यं जुळवली आणि एकही वर नेलं नाही. शेवटी तिसऱ्या तारखेच्या सकाळी माझा एकमेव कोट चढवला आणि इमारतीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

बाई खाली उतरल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कुठे निघालात एवढे नटून?”

“तिकडेच,” मी म्हणालो.

त्या चालायला लागल्या. मी दोन पावलं मागे. रस्ता ओलांडताना त्या थांबल्या, मी बरोबरीला आल्यावर मग निघाल्या.

दवाखान्यात परिचारिकेने कागद पुढे ओढला. “हे कोण तुमचे? नातं सांगा.”

मागे रांग वाढत होती.

“भाऊ?” परिचारिकेने विचारलं.

“म्हणते मी भाऊ. पण तसे नाहीत,” बाई म्हणाल्या. “आम्ही एकाच कोटाचे. मी काजं करते, हे इस्त्री करतात.”

परिचारिकेने आमच्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “काका, बाहेर बसा.” काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही.

माझा दुसरा चहा संपेपर्यंत बाई बाहेर आल्या. हाताला पांढरं गाठोडं. “शिवण उसवली,” म्हणाल्या, “आणि टाके आपल्यापेक्षा बरे घालतात.” हात छातीशी वर धरायचा, बोटं हलवत ठेवायची, असं सांगितलं होतं. घरी येईपर्यंत त्या बोटं मिटत-उघडत राहिल्या, जणू कोणाला तरी बोलावत होत्या.

जखम भरली. रात्रीच्या मुंग्या जवळजवळ लगेचच गेल्या, बाई पुन्हा सलग झोपू लागल्या. अंगठ्याला कपाची ऊब कळू लागली, मग तर्जनीला. मधलं बोट मात्र मुकंच राहिलं, आणि अंगठ्याखालचा उंचवटा भरला तो अर्धाच. डॉक्टरीण म्हणाली, नस फार सावकाश वाढते, वर्षभर वाट बघा, पण पूर्ण येईल असा शब्द मी देत नाही.

या सगळ्या काळात तिसऱ्या मजल्यावर एकही कोट गेला नाही. मास्तर काजं बाहेरून मशीनवर करून आणत. मी मात्र काही ना काही काढून वर जायचो. बाई खुर्चीत रिकाम्या हाताने बसलेल्या असायच्या आणि उशी जागच्या जागी. एकदा म्हणाल्या, “तो उंच माणूस आला होता का हो?” मी हो म्हणालो. “बरा आहे?” मी म्हणालो, कोट सैल नाही झाला. त्यांना बरं वाटलं.

मग एक दिवस मास्तरांनी स्वतः एक करडा कोट माझ्या हातात दिला. “वर न्या. घाई नाही म्हणावं.”

उशी उंच घेऊन, मनगट सरळ ठेवून, मध्ये मध्ये थांबत बाईंनी तीन काजं केली. दुपार गेली त्यात. मास्तर मुद्दाम तिसरा मजला चढून आले, धापा टाकत काजांकडे बघितलं आणि म्हणाले, “छान. पहिल्यासारखी.” आणि उतरून गेले.

बाई ऐकत होत्या. त्यांनी मास्तरांना इतक्या वर्षांत एकदाही छान म्हणताना ऐकलं नव्हतं.

“भाऊ, बसा,” त्या म्हणाल्या. “मला मधल्या बोटाने कळत नाही. तुम्ही फिरवा बरं बोट. खरं सांगा.”

मी पलंगाच्या कडेवर बसलो. माझी बोटं वाफेने भाजून भाजून राठ झालेली, पण एवढं कळतं. पहिल्यावरून फिरवलं, गुळगुळीत होतं. दुसरंही ठीक. तिसऱ्याच्या टोकाशी बोट अडलं. मी पुन्हा फिरवलं, कदाचित माझंच चुकत असेल म्हणून. पुन्हा तिथेच अडलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“इथे,” मी म्हणालो. “एक गाठ वर आलीय. बहुतेक दोन.”

“खात्रीने?”

“हो.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने पातं उचलून तिसरं काज उसवायला बसल्या. मी उठायला लागलो तर मान खाली ठेवूनच म्हणाल्या, “थांबा. परत करते, परत बघायचंय तुम्हाला.”

खाली इस्त्री तापून बसली होती. मी बसून राहिलो.